जन्मतारखेचा रकाना व संगणकीय तक्ता

प्राथमिक शाळेच्या दप्तरात ज्या असंख्य नोंदी होतात, त्यांत जन्मतारखेच्या नोंदीइतकी दीर्घायुषी नोंद दुसरी नाही. हजेरीपट वर्षभराने बांधून ठेवला जातो, परीक्षेचे गुणपत्रक दोनचार वर्षांनी कोणी पाहत नाही. परंतु पहिलीच्या वर्गात बालकाच्या नावासमोर लिहिलेली तारीख त्याच्यासोबत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, तेथून माध्यमिक शाळेत, पुढे नोकरीच्या सेवापुस्तकात आणि अखेर निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणूनच जनरल रजिस्टरात ही तारीख अंकी व अक्षरी अशा दोन्ही रीतींनी लिहिण्याची शिस्त आपल्या पूर्वसूरींनी घालून दिली.

हल्ली या नोंदीचा प्रवास केवळ वहीतून वहीत होत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. पुढे यूडायस प्लसमध्येही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरावी लागू लागली. त्याखेरीज केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी कार्यालय, शिष्यवृत्ती, क्रीडास्पर्धा, आरोग्यतपासणी अशा नाना निमित्तांनी एक्सेलच्या तक्त्यात याद्या मागविल्या जातात. शिक्षक यादी करतो, केंद्रावर पंधरा शाळांच्या याद्या एकत्र होतात, तालुक्याला दहा केंद्रांच्या. या प्रवासात मुलाचे नाव चुकले तर ते डोळ्यांस खटकते. तारीख चुकली तर खटकत नाही, कारण चुकलेली तारीखही तारखेसारखीच दिसते. ही चूक कशी घडते, ती ओळखावी कशी आणि निस्तरावी कशी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, संगणकीय तक्त्यास तारीख अशी वस्तू ठाऊकच नाही. त्यास ठाऊक आहे ती केवळ दिवसांची मोजणी. एक्सेलने १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक दिला आणि तेथून पुढे रोज एकेक मणी ओढीत ती माळ चालविली. या मोजणीत १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस १७३९४ वा येतो, प्रजासत्ताकाचा २६ जानेवारी १९५० हा १८२८९ वा, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा १ मे १९६० हा २२०३७ वा. आपण चौकटीत ५ जून २०१८ ही तारीख लिहितो तेव्हा आत साठविला जातो तो ४३२५६ हा अंक. वर जे दिसते, ते त्या अंकावर चढविलेले वस्त्र होय. एकच मुलगा घरी बाळू असतो आणि हजेरीपटावर बाळकृष्ण असतो, मूल तेच. त्याचप्रमाणे ४३२५६ हा अंक कधी ०५/०६/२०१८ असा, कधी ५ जून २०१८ असा, तर कधी २०१८-०६-०५ असा दाखविता येतो. याची प्रचीती घ्यावयाची असल्यास चौकट निवडून तिचे स्वरूप ‘जनरल’ करून पाहावे. तारीख खरी असेल तर तत्काळ पाच आकडी संख्या दिसू लागेल. काही शिक्षक हे पाहून घाबरतात व तारीख नष्ट झाली असे समजतात. वस्तुतः काहीच नष्ट झालेले नसते, स्वरूप पुन्हा ‘डेट’ केले की वस्त्र परत चढते.

आता यातून एक महत्त्वाचा भेद निघतो. तारखेचे स्वरूप बदलणे निराळे आणि तारीख बदलणे निराळे. चौकटीतला अंक कायम ठेवून केवळ दर्शन बदलले तर कशाचीही हानी होत नाही. परंतु आपण टंकलेल्या अक्षरांवरून आतला अंक ठरविण्याचे काम संगणक करतो तेव्हा, म्हणजे अगदी पहिल्या क्षणी, जर त्याने निराळा अर्थ लावला, तर अंकच चुकतो. मग वरचे वस्त्र कितीही बदलले तरी उपयोग नाही. पुष्कळ शिक्षक चुकलेली तारीख सुधारण्यासाठी ‘फॉरमॅट सेल्स’ उघडून नाना स्वरूपे लावून पाहतात आणि थकतात, त्याचे कारण हेच.

संगणक निराळा अर्थ का लावतो? आपल्याकडे दिवस, मास, वर्ष असा क्रम रूढ आहे. अमेरिकेत मास प्रथम लिहितात, मग दिवस, मग वर्ष. संगणकाच्या बसवणीत देशप्रदेशाची एक निवड असते. नवा संगणक शाळेत आला आणि ती निवड ‘इंग्लिश, युनायटेड स्टेट्स’ अशीच राहून गेली, तर त्या यंत्राच्या दृष्टीने आपण सारे अमेरिकेतील नागरिक ठरतो. अशा यंत्रावर शिक्षकाने ५ जून २०१८ या अर्थी ०५/०६/२०१८ असे टंकले की यंत्र पाचवा मास व सहावा दिवस असे वाचते आणि आत ४३२५६ ऐवजी ४३२२६, म्हणजे ६ मे, हा अंक ठेवते.

येथे गंमत अशी की त्या शिक्षकाला काहीच वावगे दिसत नाही. यंत्र आपल्या अमेरिकी रीतीने ती तारीख ५/६/२०१८ अशीच दाखविते. शिक्षकाने टंकलेले आणि पडद्यावरचे जुळते. फाइल तालुक्याला जाते. तेथील यंत्राची निवड ‘इंग्लिश, इंडिया’ अशी असते. ते यंत्र आतला ४३२२६ हा अंक घेऊन आपल्या रीतीने ०६-०५-२०१८ असे दाखविते. तालुक्याचा लिपिक म्हणतो, शाळेने चुकीची तारीख पाठविली. शिक्षक म्हणतो, माझ्याकडे ती बरोबर आहे. दोघेही आपापल्या पडद्यावरचे खरे तेच सांगत असतात, आणि अशा प्रसंगी उभयतांत जी कटुता येते ती अगदी अकारण असते. एक्सेलच्या तारखांच्या यादीत ज्या स्वरूपांपुढे ताऱ्याचे चिन्ह असते, ती स्वरूपे यंत्राच्या प्रदेशनिवडीप्रमाणे पालटतात, हे ठाऊक असले म्हणजे पुष्कळ वाद मिटतात.

तेरा तारखेपासून पुढे निराळाच प्रकार घडतो. १३/०६/२०१८ असे टंकले असता अमेरिकी यंत्राला तेरावा महिना सापडत नाही. मग ते ही तारीखच नव्हे असे ठरवून नुसता मजकूर म्हणून तशीच ठेवते. दिसायला ती अगदी बरोबर दिसते, कारण तिला कोणी हात लावलेलाच नसतो. तेव्हा एका रकान्यात दोन जातींच्या चौकटी एकत्र नांदू लागतात : काही खऱ्या परंतु उलटलेल्या तारखा, आणि काही बरोबर दिसणारा मजकूर.

हे प्रमाण किती असावे याचा हिशेब पाचवीच्या मुलासही करता येईल. वर्षाच्या १२ मासांत प्रत्येकी पहिले १२ दिवस, असे १४४ दिवस उलटण्याजोगे आहेत. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च याप्रमाणे दिवस व मास यांचा अंक एकच असलेले १२ दिवस उलटले तरी तेच राहतात. उरले १३२. वर्षाचे बाकीचे २२१ दिवस मजकूर बनून राहतात. म्हणजे मुलांचे जन्म वर्षभर सारखे विखुरलेले आहेत असे धरल्यास शंभर मुलांच्या शाळेत सुमारे छत्तीस मुलांच्या तारखा उलटतात. ही संख्या थोडी नव्हे.

उलटलेल्या तारखेने किती फरक पडतो? ५ जूनची ६ मे झाली तर तीस दिवसांचा. परंतु १ डिसेंबर २०१८ रोजी जन्मलेली मुलगी उलटून १२ जानेवारी २०१८ ची झाली, तर तिचे वय ३२३ दिवसांनी, म्हणजे साडेदहा महिन्यांहून अधिक वाढते. पहिलीच्या प्रवेशाचे वय मोजण्यास शासनाने जो मानीव दिनांक ठरविलेला असतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे मूल जाण्यास एवढा फरक पुरेसा आहे. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेस जन्मतारखेच्या खालच्या व वरच्या अशा दोन्ही सीमा ठरलेल्या असतात. आश्रमशाळेतील वा वाडीवरच्या शाळेतील हुशार मूल अर्ज भरताना वयात बसत नाही म्हणून मागे राहावे आणि कारण केवळ यंत्राच्या प्रदेशनिवडीत असावे, हे दुःखद आहे. तसेच शाळेतील नोंद एक, आधार कार्डावरील दुसरी व पोर्टलवरील तिसरी, असे झाल्यावर मुलाच्या पालकास ज्या खेपा पडतात त्या रोजगार बुडवून घालाव्या लागतात. एकदा दाखल्यावर गेलेली जन्मतारीख वरिष्ठांच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही, हे आपण सारे जाणतोच.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज साठी-सत्तरीच्या घरात असलेल्या ग्रामीण पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे प्रत्येक गावात आढळतात. जन्माची नोंद नसे. शाळा जूनमध्ये भरे. गुरुजी मुलाच्या चणीवरून वर्ष अंदाजीत व तारीख १ जून लावून देत. त्या काळाच्या मानाने ती सोय होती. या साऱ्या मंडळींच्या याद्या अमेरिकी निवडीच्या यंत्रावर केल्या, तर सगळा गाव ६ जानेवारीला जन्मलेला दिसेल! विनोद सोडला तरी आजची स्थिती निराळी आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ साली जी दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जावयाचे आहे. ती मुले २०२९ च्या सुमारास पहिलीत येतील. तेव्हा आता अंदाजाला वाव उरलेला नाही, आणि प्रमाणपत्रावरची तारीख तक्त्यात जशीच्या तशी उतरणे हे शिक्षकाचे काम अधिकच जोखमीचे झाले आहे.

आता परीक्षणाकडे वळू. आलेल्या किंवा स्वतः केलेल्या यादीत बिघाड आहे की नाही, हे पाहण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रकाना रुंद करून पाहणे. मुद्दाम डावी-उजवी मांडणी केलेली नसेल तर खरी तारीख चौकटीच्या उजव्या कडेस चिकटते आणि मजकूर डाव्या कडेस. काही तारखा उजवीकडे व काही डावीकडे दिसल्या की समजावे, दोन जाती एकत्र झाल्या आहेत. मग उजवीकडच्या तारखा तेवढ्या निरखून पाहाव्यात. आपल्या निवडीच्या यंत्रावर त्या पाहत असताना मासाचा अंक तर बारापुढे जात नाहीच, पण दिवसाचा अंकही एकदासुद्धा बारापुढे गेलेला नसेल, तर रोगाचे निदान झाले. वास्तविक चाळीस मुलांच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांचे जन्म १२ तारखेनंतरचे असावयाचे; ते सारे डावीकडच्या मजकुरात जाऊन बसलेले आढळतील.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. परीक्षण होण्यापूर्वी कोणीही डावीकडच्या चौकटी उघडून पुन्हा एंटर दाबू नये. आपल्या निवडीच्या यंत्रावर तसे केले की तो मजकूर खरी व बरोबर तारीख बनून उजवीकडे सरकतो. आणि मग आधीच उलटलेल्या तारखा त्या बरोबर तारखांच्या गर्दीत मिसळून जातात. रकाना स्वच्छ दिसू लागतो, चूक तशीच राहते, आणि ती ओळखण्याची खूण मात्र पुसली जाते. अशा यादीला मग जनरल रजिस्टराशी एकेक नाव ताडून पाहण्याखेरीज गत्यंतर नाही.

दुरुस्तीपूर्वी मूळ फाइलची प्रत निराळ्या नावाने ठेवावी. नंतर तारखेच्या शेजारी एक रिकामा रकाना घ्यावा व त्यात ‘इझनंबर’ हे सूत्र लावावे. तारीख खरी असेल तेथे ‘ट्रू’ व मजकूर असेल तेथे ‘फॉल्स’ असे उत्तर येईल. त्या उत्तरावरून संपूर्ण यादीची क्रमवारी लावली की दोन्ही जाती अलग होतात. क्रमवारी लावताना केवळ एकच रकाना निवडून ती लावू नये. तसे केल्यास एकाची तारीख दुसऱ्याच्या नावासमोर जाते आणि मूळ रोगाहून भयंकर रोग जडतो. सर्व रकाने निवडूनच क्रमवारी लावावी.

जो मजकूर आहे त्याच्यासाठी ‘डेटा’ या विभागातील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ ही सोय आहे. मजकुराच्या चौकटी निवडून ती उघडावी, पहिल्या दोन पायऱ्या तशाच पुढे नेऊन तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडावे आणि शेजारच्या यादीतून डीएमवाय, म्हणजे दिवस-मास-वर्ष, हा क्रम सांगावा. येथे आपण संगणकाला आपला क्रम स्पष्ट शब्दांत कळविला असल्यामुळे यंत्राची प्रदेशनिवड कोणतीही असो, अर्थ बरोबर लावला जातो. हा उपाय मजकुरासाठीच वापरावा.

खऱ्या परंतु उलटलेल्या तारखांसाठी ‘डेट’ नावाचे सूत्र वापरावे. ते कंसात प्रथम वर्ष, मग मास, मग दिवस असे तीन अंक घेऊन त्यांची तारीख बनविते. आपण वर्षाच्या जागी मूळ चौकटीतील वर्ष द्यावयाचे, ते ‘इयर’ या सूत्राने मिळते. मासाच्या जागी मूळ चौकटीतील दिवस द्यावयाचा, तो ‘डे’ या सूत्राने. आणि दिवसाच्या जागी मूळ चौकटीतील मास, तो ‘मंथ’ या सूत्राने. सूत्रांची नावे अर्थातच रोमन लिपीत टंकावयाची. उलट्याचे उलट केले की सुलट होते, इतकेच यातील इंगित. सूत्र रकान्यात खालपर्यंत ओढून घ्यावे, आलेल्या तारखांची नक्कल करून ‘पेस्ट स्पेशल’ मधील ‘व्हॅल्यूज’ या निवडीने त्या कायम कराव्यात आणि मगच जुना रकाना पुसावा. अगोदर पुसल्यास सूत्रांचा आधारच जातो.

हा उलटविण्याचा उपाय केव्हा लागू पडतो? जेव्हा सर्व तारखा एकाच अमेरिकी निवडीच्या यंत्रावर टंकल्या गेल्या अशी खातरी असेल तेव्हाच. केंद्रावर पंधरा शाळांच्या याद्या एकत्र झाल्यावर, त्यांतील काही शाळांची यंत्रे आपल्या निवडीची व काही अमेरिकी असतील, तर सरसकट उलटविल्याने बरोबर तारखा चुकतील. यास्तव परीक्षण व दुरुस्ती शाळावार, एकत्रीकरणाच्या आधी झाली पाहिजे. केंद्रप्रमुखांनी याद्या जोडण्याची घाई करण्यापूर्वी प्रत्येक यादीचा रकाना रुंद करून पाहिला तर दहा मिनिटांत काम होते. तालुक्याला गेल्यावर तेच काम आठ दिवसांचे होते.

रोगापेक्षा प्रतिबंध बरा हे आरोग्याच्या पाठातले तत्त्व येथेही लागू आहे. शाळेच्या यंत्रावर ‘कंट्रोल पॅनेल’ मधील ‘रीजन’ या जागी ‘इंग्लिश, इंडिया’ ही निवड एकदाच करून टाकावी. जे शिक्षक गुगल शीट वापरतात, त्यांनी ‘फाइल’ मधील ‘सेटिंग्ज’ उघडून ‘लोकेल’ या ठिकाणी ‘इंडिया’ निवडावे. तेथे ही निवड यंत्राची नसून प्रत्येक फाइलची स्वतंत्र असते, म्हणून नव्या फाइलीत पुन्हा पाहावी. देवनागरी अंकांत टंकलेली तारीख पुष्कळदा मजकूरच राहते. तेव्हा तक्त्यात तारीख रोमन अंकांत टंकावी. त्याचप्रमाणे ५.६.२०१८ असे टिंबांनी लिहिण्याची आपली हस्तलेखनातील सवय येथे उपयोगी पडत नाही. शासकीय पत्रव्यवहारात २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या भारतीय सौर दिनदर्शिकेचे दिनांकही आपण लिहितो. ते एक्सेलच्या मोजणीत बसत नाहीत, ते निराळ्या रकान्यात मजकूर म्हणून लिहावेत.

तारीख टंकताना मास अंकाऐवजी नावाने टंकणे, म्हणजे रोमन लिपीत ५ जून २०१८ असे, हा आमच्या मते उत्तम मार्ग आहे. जून हा शब्द कोणत्याही देशात दिवस म्हणून वाचला जाणार नाही. दर्शनासाठीही तेच. ‘फॉरमॅट सेल्स’ मधील ‘कस्टम’ येथे डी हे अक्षर दोनदा, एम तीनदा व वाय चारदा, मध्ये आडव्या रेघा, असे लिहिले म्हणजे मासाचे संक्षिप्त नाव दिसते; एम चारदा लिहिल्यास पूर्ण नाव. ‘डेट’ विभागातच ‘लोकेल’ म्हणून मराठी निवडल्यास मासनाम मराठीत मिळते, ते पालकसभेत वाचून दाखविण्याच्या यादीस बरे. ज्या याद्या केवळ यंत्रांनी वाचावयाच्या असतील त्यांना वर्ष प्रथम, मग मास, मग दिवस हा क्रम सोयीचा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने तोच मान्य केला आहे. त्यात आणखी एक गुण असा की, अशा तारखा नुसता मजकूर असल्या तरी क्रमवारी लावताना कालक्रमानेच लागतात.

पोर्टलवरून उतरवून घेतलेल्या सीएसव्ही फाइलींविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. या फाइलींत केवळ अक्षरे असतात. अंक, स्वरूप काही नसते. अशी फाइल दुहेरी टिचकीने थेट उघडली की एक्सेल प्रत्येक चौकटीचा अर्थ स्वतः लावते, आणि ती पुन्हा साठविली की लावलेला अर्थ कायम होतो. म्हणजे कोणी काही टंकले नसतानाही तारखा बिघडू शकतात. यास्तव ती ‘डेटा’ विभागातील ‘फ्रॉम टेक्स्ट’ या मार्गाने आत घ्यावी व जन्मतारखेच्या रकान्याचा प्रकार तेव्हाच सांगावा. संगणकाचा हा आगाऊपणा केवळ तारखांपुरताच नाही. इयत्ता १-५ असे टंकले की चौकटीत तारीख उमटते, हा अनुभव प्रत्येक मुख्याध्यापकास असेल; अशा रकान्याचे स्वरूप टंकण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करावे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही यातून सुटका झालेली नाही. मानवी जनुकांपैकी काहींची सांकेतिक नावे मार्च-१, सेप्ट-१ अशा धर्तीची होती व एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकीत असे. अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच त्या जनुकांची नावे बदलली.

दोन अंकी वर्ष कधीही टंकू नये. १८ म्हणजे २०१८ हे संगणक जाणतो; पण शतकाची सीमा तो आपल्या बसवणीप्रमाणे ठरवितो, आणि शिक्षकांच्या अथवा पालकांच्या जन्मवर्षांच्या बाबतीत ती सीमा दगा देते. क्वचित जुन्या मॅकिंटॉश यंत्रावर केलेल्या फाइलीतील तारखा चार वर्षे व एक दिवस मागेपुढे दिसतात. तेथे मोजणी १९०४ पासून सुरू केलेली असते व फरक नेमका १४६२ दिवसांचा असतो. तेवढे मिळवावे वा वजा करावेत.

शतकोत्तर शाळांना एक निराळीच अडचण भेडसावते. जातपडताळणी व वारसाच्या कामी जुन्या नोंदींची मागणी होत असल्याने पुष्कळ शाळा आपली जुनी रजिस्टरे तक्त्यात उतरवून घेत आहेत. एक्सेलची मोजणीच १९०० पासून सुरू होत असल्यामुळे १८९२ सालच्या नोंदीतील तारीख त्यात तारीख म्हणून बसतच नाही. ती मजकूर राहते. लिबरऑफिसच्या कॅल्क या विनामूल्य तक्त्यात त्यापूर्वीच्या तारखाही साठविता येतात. अथवा दिवस, मास व वर्ष यांचे तीन निराळे रकाने करावेत. जुन्या नोंदींपुरता हाच मार्ग आम्हांस अधिक निर्धोक वाटतो. याच संदर्भात गणिताच्या तासाला सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. ४०० ने भाग न जाणारे शतकवर्ष लीप वर्ष नसते, या नियमाने १९०० हे लीप वर्ष नव्हते. तरीही एक्सेलच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस ६० व्या क्रमांकावर आहे! लोटस १-२-३ या पूर्वीच्या तक्त्यात ही चूक होती आणि त्याच्या फाइलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलने ती तशीच चालू ठेवली.

दुरुस्ती झाली तरी पडताळा हवाच. ‘डेटेडिफ’ या सूत्राने मानीव दिनांकास प्रत्येक मुलाचे पूर्ण वय काढावे. पहिलीच्या यादीत कोणी चार वर्षांचे वा सव्वीस वर्षांचे निघाले तर लगेच दिसेल. मात्र काही महिन्यांची चूक या चाळणीतून निसटते. तिच्यासाठी मासनाम दिसेल अशी यादी छापून घ्यावी, एका शिक्षकाने जनरल रजिस्टरातील अक्षरी तारीख मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने यादीवर खूण करावी. एकशिक्षकी शाळेत शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याची मदत घ्यावी. शंभर मुलांना अर्धा तास लागतो.

शेवटी दाखल्यांविषयी. काही शाळा तक्त्यातील माहिती वर्डच्या ‘मेल मर्ज’ सोयीने दाखल्यांवर उतरवितात. तेव्हा तक्त्यात बरोबर दिसणारी तारीख दाखल्यावर पुष्कळदा मास प्रथम अशा अमेरिकी क्रमाने छापली जाते, कारण मर्ज आतला अंक घेते, वरचे वस्त्र घेत नाही. यासाठी तक्त्यात एक जादा रकाना करून त्यात ‘टेक्स्ट’ या सूत्राने तारखेचे इच्छित स्वरूपातील अक्षररूप करून घ्यावे व दाखल्यास तोच रकाना जोडावा. अक्षरी तारखेची ओळ मात्र संगणकावर सोपवू नये. ती जनरल रजिस्टर समोर ठेवून, प्रत्येक दाखल्यावर मुख्याध्यापकांनी हातानेच लिहावी.